वाहून जाणारी हिना आणि घरात बसणारी हिना

जपानमधल्या ३ मार्चच्या सणाबद्दल, म्हणजे हिनामात्सुरीबद्दल (हिना म्हणजे या सणाची बाहुली) वाचायला गेलं की दोन गोष्टी हमखास शेजारी-शेजारी दिसतात. लेकीसाठी घरात लाल कापडाच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि त्या वर्षानुवर्षं जपतात, ही एक. बाहुल्या नदीत सोडतात, ही दुसरी. दोन्ही खरंच आहेत. पण त्यातून वाचणाऱ्याची समजूत अशी होते की मांडलेल्या बाहुल्यांचंच सण संपल्यावर विसर्जन होत असेल. तसं होत नाही. या दोन वेगळ्या बाहुल्या आहेत, त्यांची कामं वेगळी आहेत, आणि त्यांची सुरुवातही वेगळ्या ठिकाणी झाली.

पाण्यात सोडतात तिला नागाशिबिना म्हणतात. तिचं मूळ शुद्धीच्या विधीत आहे. तिसऱ्या चांद्र महिन्यातल्या पहिल्या ‘सापाच्या दिवशी’ (चिनी गणनेत दिवसांनाही प्राण्यांची नावं असतात) नदीवर जाऊन अंग धुवायचं, साचलेला अशुभाचा भार उतरवायचा, ही चाल चीनमधून जपानी दरबारात आली. पुढे हा दिवस तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या तारखेला पक्का झाला. जपानमध्ये त्याला माणसाच्या आकाराच्या कागदी आकृतीची, काताशिरोची, जोड मिळाली. ती अंगावरून फिरवायची, तिच्यावर फुंकर घालायची आणि वाहत्या पाण्यात सोडून द्यायची. आपल्याकडे दृष्ट काढून झाल्यावर मीठ-मोहरी कोणी परत डब्यात भरत नाही. काताशिरोचंही तेच आहे. ज्या आकृतीने तुमचं आजारपण आणि पीडा स्वतःवर घेतली, ती घरात ठेवून कसं चालेल? जाणं हेच तिचं काम.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘गेंजीची कथा’ या मुरासाकी शिकिबूच्या कादंबरीत सुमाच्या किनाऱ्यावर असाच प्रसंग आहे. राजधानीपासून दूर राहणारा कथेचा नायक गेंजी याच दिवशी समुद्रावर शुद्धीचा विधी करवतो आणि एक मोठी मानवाकृती नावेत ठेवून लाटांवर सोडली जाते. तिथे लेकींचा किंवा लग्नाचा काही संबंध नाही. विधी एका मोठ्या पुरुषासाठी चालला आहे.

ही प्रथा आज बघायची तर तोत्तोरी प्रांतातलं मोचिगासे गाव. तिथे तारीख अजून चांद्र पंचांगाने धरतात, त्यामुळे दिवस दर वर्षी सरकतो आणि बहुतेकदा एप्रिलच्या आसपास येतो. भाताच्या पेंढ्याची विणलेली गोल चकती, सान्दावारा, घेतात. पूर्वी तांदळाच्या पोत्यांची तोंडं बंद करायला ती वापरत. तिच्यावर लाल कागदी कपड्यांतली स्त्री-पुरुषाची छोटी जोडी ठेवतात, बाजूला पीचच्या फुलांची डहाळी आणि मोहरीवर्गातली पिवळी फुलं खोचतात. किमोनो घातलेल्या मुली सेन्दाई नदीच्या काठाशी वाकून चकती पाण्यावर ठेवतात आणि वर्षभर आजारपण येऊ नये म्हणून हात जोडतात. यात महाग असं काहीच नाही. पेंढा आणि कागद पाण्यात विरून जावेत हेच अपेक्षित असतं.

आता घरातली हिना. हिचं एक मूळ खेळात आहे. त्याच कादंबरीत लहानगी मुरासाकी (लेखिका नव्हे, त्याच नावाचं पात्र) नव्या वर्षाच्या दिवसांत बाहुल्यांची घरं मांडून बसते आणि कोणीतरी ती मोडली म्हणून हिरमुसते. दरबारातल्या मुलींच्या या खेळाला ना तारीख होती, ना शुद्धीचा हेतू. एदो काळात (१६०३ ते १८६८) तोकुगावा शोगुनांच्या राजवटीने वर्षातले पाच ऋतुसण अधिकृत केले. त्यात तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवसाला, पीचच्या सणाला, हळूहळू मुलींचा सण हे रूप आलं, आणि बाहुल्या मांडण्याची हौस शहरांतल्या व्यापारी घरांपर्यंत पोहोचली. कानएई काळातल्या (१६२४ ते १६४४) साध्या बैठ्या जोडीपासून पुढे पायऱ्या वाढत गेल्या. अठराव्या शतकात बाहुल्या इतक्या मोठ्या आणि भपकेबाज झाल्या की सरकारने सुमारे २४ सेंटिमीटरहून उंच बाहुल्यांवर बंदी घातली. कारागिरांनी मग तळहातावर मावतील एवढ्या चिमुकल्या बाहुल्या केल्या, त्याही तितक्याच महागड्या!

सात पायऱ्यांची पूर्ण मांडणी पंधरा बाहुल्यांची. वर सोनेरी पडद्यापुढे राजा-राणी, खाली तीन दासी, मग पाच वादक-गायक, दोन मंत्री, तीन सेवक. ही मांडणी जवळून बघण्यासारखी असते. तिघी दासींत मधली बहुधा भुवया भादरलेली आणि दात काळे केलेली असते, म्हणजे विवाहित. जुन्या जपानमध्ये ती लग्न झालेल्या बाईची खूण होती. तीन सेवकांत एक रागावलेला, एक रडणारा, एक हसणारा. सर्वांत खाली पेट्या, आरसा, पालखी, बैलांचा रथ, म्हणजे चक्क रुखवत. हा सगळा लग्नाचा थाट आहे, आणि घरातल्या हिनाचा हेतू तिथेच कळतो: मुलगी सुखरूप वाढावी, तिचं चांगल्या घरी लग्न व्हावं. मुलीच्या पहिल्या सणाला या बाहुल्या आजोळहून येण्याची पद्धत आहे. सण झाला की त्या लगेच आवराव्यात, नाहीतर मुलीचं लग्न लांबतं असं म्हणतात. आवरायचं म्हणजे कोरडा दिवस बघून, धूळ झटकून, मऊ कागदात गुंडाळून पेटीत ठेवायचं. पाणी तर सोडाच, दमट हवासुद्धा त्यांना चालत नाही.

राजा-राणीच्या जागांवरूनही नवख्याचा गोंधळ उडतो. क्योतोच्या जुन्या पद्धतीत राजा बघणाऱ्याच्या उजवीकडे असतो, तोक्योकडे डावीकडे. आधुनिक काळात सम्राटांनी पाश्चात्त्य पद्धतीने उभं राहायला सुरुवात केली, आणि १९२८च्या राज्यारोहणानंतर तोक्योकडच्या बाहुल्यांनीही तीच बाजू घेतली. दोन्ही बरोबर.

कागदाची ती पाण्यात जाणारी आणि रेशमाची ती घरातली, अशी खूणगाठ मात्र बांधू नये. उभ्या कागदी जोडीची ताचिबिना घरात मांडायचीच असते. बालवाडीत मुलं रंगीत कागदाच्या हिना करतात. तोक्योच्या निशी-कासाईत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे; तिथल्या एखाद्या मराठी घरात लेकीने अशी जोडी आणली, तर ती कपाटावर मांडायची आहे, नदीवर न्यायची नाही. हेतू बघावा: पीडा घेऊन जायची की शुभेच्छा घेऊन बसायची?

काही ठिकाणी नागाशिबिनाच वाढत-वाढत घरातली हिना झाली असं सरळ लिहिलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं, कारण खेळाचा ओघ त्यात गळून जातो. पण दोन्ही प्रथा एकमेकींपासून अगदी तुटलेल्या आहेत असंही नाही. पूर्वी तान्ह्या बाळाच्या उशाशी आमागात्सु नावाची बाहुली ठेवत. बाळावरचं संकट तिने घ्यायचं, आणि तरीही ती वाहवायची नाही, जवळच ठेवायची. आजही बाहुल्या घडवणारे आणि विकणारे सांगतात की हिना त्या मुलीच्या जागी उभी असते, म्हणून आईची मुलीला देऊ नये, प्रत्येकीची वेगळी असावी. त्यांचा त्यात धंदाही आहे, पण समजूत जुनी आहे. कित्येक घरं मात्र आजीच्या बाहुल्या नातीसाठी आनंदाने मांडतात, आणि मला तेच जास्त भावतं.

वाकायामा शहरातल्या कादा इथल्या आवाशिमा देवस्थानात या दोन्ही वाटा एकत्र येतात. देशभरातून लोक आपल्या जुन्या, आता मांडल्या न जाणाऱ्या बाहुल्या तिथे आणून देतात. आवारात हजारो बाहुल्या रांगांनी बसलेल्या दिसतात. ३ मार्चला त्यातल्या कित्येक लाकडी नावांत भरून समुद्रात सोडल्या जातात. म्हणजे आयुष्यभर पेटीत जपलेली हिना इथे खरोखर पाण्यावर जाते, पण ती सण संपला म्हणून नव्हे, तिचं घरातलं काम संपलं म्हणून.

दोन्ही बघायचं असेल तर तारखा नीट जुळवा. घरातल्या मांडण्या आणि संग्रहालयांतली प्रदर्शनं साधारण फेब्रुवारीपासून ३ मार्चपर्यंत असतात, काही गावांत आणखी पुढे. कादाचा विधी ३ मार्चलाच. जपानने १८७३ साली पाश्चात्त्य पंचांग स्वीकारल्यामुळे हा दिवस महिनाभर अलीकडे आला आणि पीचच्या सणाला बाहेर पीच फुललेलाच नसतो. दुकानातल्या डहाळ्या उबेत ठेवून फुलवलेल्या असतात. झाडावरची फुलं आणि नदीतली हिना एकाच दिवशी हवी असेल, तर मोचिगासेची चांद्र तारीख आधी विचारून जावं.