पाच पैशांचे जादा तिकीट

नाशिक आणि निर्वासित म्हटले की आधी देवळाली कॅम्पातली सिंधी घरे आठवतात. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल उसळली आणि तिथले हिंदू सिंधी बोटीने मुंबईला उतरू लागले. मुंबई प्रांताच्या सरकारने त्यांना महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या लष्करी बराकींत हलवले. कल्याणची छावणी मोठी, देवळालीची त्या मानाने लहान. आधी फुकट शिधा, पुढे तो बंद, आणि 1954 च्या कायद्याने सोडून आलेल्या स्थावर मालमत्तेची काही भरपाई. परतीची वाटच नव्हती; तेव्हा मदत म्हणजे इथे बस्तान बसवून देणे.

1971 चे गणित उलटे होते. 25 मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली आणि वर्ष सरेपर्यंत सुमारे 1 कोटी माणसे पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, भारतात आली. सरकारची भूमिका पहिल्यापासून एकच: हे लोक परत जाणार. त्यामुळे घरे-जमिनी द्यायचा प्रश्न नव्हता, पण रोजचा तांदूळ, तंबू आणि पटकीवरची औषधे लागणारच होती. बाहेरून आलेली मदत पुरेना, म्हणून रेल्वे भाड्यावर, विमान प्रवासावर आणि टपालावर कर बसला.

टपालाच्या कराचे काम आले नाशिकरोडच्या, टपाल तिकिटे छापणाऱ्या सरकारी प्रेसकडे. 15 नोव्हेंबर 1971 पासून पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावायचे होते आणि नवे तिकीट तयार नव्हते. मग कुटुंब नियोजनाच्या प्रचाराचे पाच पैशांचे लालसर तिकीट होते, त्यावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ ही अक्षरे छापली. आई, बाप, दोन मुले असे सुखी चौकोनी कुटुंब, आणि त्याच्या अंगावर निर्वासितांचा शिक्का! एवढा बोलका योगायोग कुणी ठरवूनही जुळवला नसता. तेही सगळीकडे वेळेत पोचेना, तेव्हा अनेक गावांच्या पोस्टांत जुन्याच तिकिटांवर हाताने रबरी शिक्के मारले. संग्राहक आजही त्या वेड्यावाकड्या शिक्क्यांच्या मागे असतात. खास निर्वासितांचे चित्र असलेले तिकीट 1 डिसेंबरला आले. दोन दिवसांनी युद्धच पेटले.

16 डिसेंबरला ढाका पडले आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित माघारी गेले. पत्रावरचे पाच पैसे मात्र 31 मार्च 1973 पर्यंत सुटले नाहीत.