निवोलुमॅबचा डोस २० मिलिग्रॅमवर कसा आला: पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याकडून तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण उपचारासाठी मिरज, कोल्हापूर नाहीतर थेट मुंबई गाठतात. तंबाखू-चुना आणि मिश्री ही इथली जुनी कारणं. अशा रुग्णांच्या फाइलीत अलीकडे ‘निवोलुमॅब २० मि.ग्रॅ., दर ३ आठवड्यांनी’ अशी ओळ दिसते. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं, म्हणजे इम्युनोथेरपीचं, औषध. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र २४० मि.ग्रॅ. दर २ आठवड्यांनी असं छापलेलं असतं. सहा आठवड्यांचा हिशेब मांडला तर ४० विरुद्ध ७२०, म्हणजे अठरावा हिस्सा. नातेवाईक विचारतात, ‘स्वस्तातलं औषध देताय का?’ औषध तेच आहे. डोसचा वाद वेगळा आहे आणि त्याची मुळं बरीच मागे जातात.

शरीराची प्रतिकारशक्ती चिथावून गाठ विरघळवायचा प्रयत्न १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सर्जनने केला होता, रुग्णाला जिवंत जंतू टोचून. काही गाठी विरल्या, काही रुग्ण संसर्गाने दगावले. पुढे रेडिएशन आलं आणि तो मार्ग मागे पडला. प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठींवर पहारा ठेवतात ही कल्पना १९५० च्या दशकात पुन्हा मांडली गेली, पण १९७४ च्या एका प्रयोगाने ती जवळजवळ निकालात निघाली. थायमस (प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी घडवणारी ग्रंथी) नसलेल्या, केस नसलेल्या उंदरांना कर्करोगकारक रसायन दिलं, तर त्यांना नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त गाठी झाल्याच नाहीत. या उंदरांत नॅचरल किलर पेशी (गाठी मारणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारपेशी) शाबूत असतात आणि थोड्या टी-पेशीही असतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. टी आणि बी दोन्ही पेशी मुळीच नसलेल्या उंदरांवर तोच प्रकार करून पाहिला तो २००१ मध्ये. गाठी वाढल्या. मधल्या पंचवीसेक वर्षांत या विषयाला वाली नव्हता, असं म्हटलं तर फारसं चूक नाही.

ओळखण्याची यंत्रणा मात्र तोवर उलगडली होती. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे एमएचसी रेणूवर बसून पृष्ठभागावर येतात आणि टी-पेशी तुकडा व रेणू दोन्ही मिळून वाचते. तंबाखूने जनुकांत केलेले बदल अशा परक्या तुकड्यांच्या रूपाने दिसतात. ओळख पटली की टी-पेशी परफोरिनने पटलाला भोकं पाडते आणि ग्रँझाइम ही मारक प्रथिनं आत सोडते. गाठीने एमएचसीच काढून टाकलं तर टी-पेशी आंधळी होते. तिथे नॅचरल किलर पेशींचं काम सुरू होतं.

गाठ निसटण्याचा आणखी एक प्रकार निवोलुमॅबच्या मुळाशी आहे. टी-पेशीवरचा पीडी-१ हा ब्रेक १९९२ मध्ये जपानात सापडला. गाठीच्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन दाखवून तो दाबतात. गंमत अशी की टी-पेशींनी हल्ल्यात सोडलेल्या इंटरफेरॉन गॅमा या संदेशवाहक प्रथिनामुळेच पीडी-एल१ वाढतं. त्यामुळे बायोप्सीत ते दिसणं म्हणजे पुष्कळदा हल्ला सुरू होऊन अडल्याची खूण. ब्रेक सोडवणारी निवोलुमॅबसारखी पीडी-१ विरोधी औषधं २०१४ मध्ये बाजारात आली.

आता डोस. केमोथेरपीत रुग्ण सोसेल तितकं द्यायचं, ही जुनी रीत. निवोलुमॅबच्या पहिल्या मानवी चाचणीत किलोमागे ०.३ ते १० मि.ग्रॅ. देऊन पाहिलं. सोसण्याची मर्यादा सापडलीच नाही आणि टी-पेशींवरचे पीडी-१ व्यापण्याचं प्रमाण सगळ्या डोसांना जवळपास सारखंच राहिलं, तेही दोन महिन्यांहून अधिक काळ. सगळी कुलुपं अडवून झाल्यावर वरचं औषध नुसतं रक्तात फिरतं. तरी निवड झाली किलोमागे ३ मि.ग्रॅमची. फुप्फुसाच्या कर्करोगात १ मि.ग्रॅ.ला प्रतिसाद कमी दिसला होता, एवढा आधार त्याला होता हे मान्य करायला हवं, पण ०.३ आणि ३ यांची समोरासमोर मोठी चाचणी न करताच ते ठरलं. पुढे २०१६ मध्ये ८० किलोचा माणूस धरून सरसकट २४० झालं. गिळता न येणारा आपल्याकडचा रुग्ण ४५ किलोचा असतो. त्याच्या वाट्याला किलोमागे ५ मि.ग्रॅ.च्या वर जातं.

मुंबईत झालेल्या १५१ रुग्णांच्या चाचणीत तोंडावाटे द्यायच्या मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिबला २० मि.ग्रॅ. निवोलुमॅबची जोड दिली. एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आक्षेप रास्त आहे: तुलना ‘निवोलुमॅब नाही’ याच्याशी होती, पूर्ण डोसशी नव्हती. पण पूर्ण डोस बहुतेकांना परवडतच नाही, तिथे या आक्षेपाला फार वजन देता येत नाही.

प्रत्यक्षात घोळ होतो तो वेगळ्याच जागी. कुपी ४० मि.ग्रॅ.ची, ४ मि.लि.ची, संरक्षक द्रव्य नसलेली. २० मि.ग्रॅ. म्हणजे २ मि.लि.; उरलेलं पुढच्या फेरीसाठी फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. म्हणून दोन रुग्णांची तारीख एकच लावायची, औषध निर्जंतुक कॅबिनेटमध्ये काढायचं, कुपी हलवायची नाही, सलाईनमध्ये मिसळून इन-लाइन फिल्टरमधून ३० मिनिटांत द्यायचं. एक रुग्ण आला नाही की निम्मी कुपी वाया.

दुसरी अडचण स्टिरॉइडची. रोज १० मि.ग्रॅ.हून अधिक प्रेडनिसोलोन चालू असताना उपचार सुरू झाले तर परिणाम कमी दिसतो. गावात भूक लागावी म्हणून मिळणारी डेक्सामेथासोन ४ मि.ग्रॅ.ची एक गोळी साधारण २६ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनइतकी भरते, आणि रुग्ण तिला ‘ताकदीची गोळी’ म्हणून सांगतच नाही. पहिल्या डोसआधी सगळ्या गोळ्यांची पाकिटं मागवून बघावीत.

डोस कमी म्हणून दुष्परिणाम होणारच नाहीत, असंही नाही. ब्रेक सुटलेली टी-पेशी थायरॉइड, आतडं, फुप्फुस, यकृत यांवरही जाते. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला व नंतर ठरावीक अंतराने हव्यात. औषधाचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा काळ) २५ दिवसांच्या आसपास असल्याने शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही त्रास उद्भवू शकतो. तेव्हा जुलाब नेहमीपेक्षा दिवसाला चारने वाढले किंवा नव्याने दम लागू लागला, तर गावच्या डॉक्टरांना इम्युनोथेरपीचं कार्ड दाखवावं. जुलाब थांबवायची साधी गोळी देऊन आठवडा काढला की आतड्याची सूज हाताबाहेर जाते.