अनोळखी भागांची रायफल

अमेरिकेत काही हौशी लोक जुनी लष्करी रायफल सुट्या भागांत विकत घेतात आणि घरच्या गॅरेजमध्ये जुळवतात. पेटीत लाकडी दस्ता असतो, बोल्ट (काडतूस पुढे ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) असतो, चाप आणि त्याच्या स्प्रिंगा असतात, मॅगझिन असते. हे सगळे एकाच रायफलीचे असतात असे नाही. कित्येकदा ते वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेले असतात. रिसीव्हर मात्र तुकडे होऊन येतो किंवा येतच नाही. रिसीव्हर म्हणजे बंदुकीचा मधला सांगाडा. त्याच्या तोंडाशी नळी बसते, आत बोल्ट मागेपुढे सरकतो, खाली चाप लागतो. तिथल्या संघराज्य कायद्याच्या दृष्टीने रिसीव्हर हीच बंदूक, बाकी सगळे नुसते भाग. म्हणून परदेशी सैन्यांनी टाकून दिलेली हत्यारे आयात करताना रिसीव्हर गॅसकटरने कापतात आणि उरलेले भाग विकतात.

आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात आणि शस्त्रे बनवण्याची यंत्रेही. परवाना नसताना बंदूक जुळवायला घेतली तर थेट गुन्हा दाखल होतो. पण या छंदाच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या प्रत्येक मशीन शॉपशी संबंधित आहे. एकमेकांना कधीच न भेटलेल्या कामगारांनी केलेले भाग एकमेकांत बसतात कसे?

अडीचशे वर्षांपूर्वी ते बसत नव्हते. बंदूक बनवणारा कारागीर पहिला भाग घडवायचा, दुसरा त्याला लावून बघायचा आणि बसेपर्यंत कानस मारायचा. दोन बंदुका दिसायला सारख्या असल्या, तरी एकीचा स्क्रू दुसरीला लागेलच याची खात्री नसे. लढाईत एखादा भाग तुटला की अख्खी बंदूक कारागिराकडे पाठवावी लागायची.

फ्रान्समधल्या ओनोरे ब्लाँ या बंदूककाराने यातून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला. १७८५मध्ये थॉमस जेफरसन अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसमध्ये होता. ब्लाँने त्याच्यासमोर ५० बंदुकांच्या चापयंत्रणांचे सुटे भाग ठेवले. जेफरसनने हाताला लागतील ते तुकडे उचलून काही यंत्रणा स्वतः जोडल्या आणि त्या चपखल बसल्या. तो इतका प्रभावित झाला की त्याने हे पत्राने मायदेशी कळवले.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या शाळेच्या पुस्तकांत बहुधा एली व्हिटनी या कारखानदाराच्या नावावर जमा होते. त्याने १७९८मध्ये दोन वर्षांत १०,००० मस्केट, म्हणजे त्या काळच्या लांब नळीच्या बंदुका, देण्याचा सरकारी ठेका घेतला. ते काम पूर्ण व्हायला १८०९ साल उजाडले. त्याच्या कारखान्यातल्या ज्या बंदुका आज शिल्लक आहेत, त्या अभ्यासकांनी खोलून पाहिल्या तेव्हा आतल्या भागांवर वेगवेगळ्या खुणा सापडल्या. कोणता भाग कोणत्या बंदुकीचा हे लक्षात राहावे म्हणून केलेल्या त्या खुणा. अदलाबदल खरोखरच होत असती, तर त्यांची गरज पडली नसती.

माझ्या मते या कथेचा खरा नायक जॉन हॉल हा अमेरिकन बंदूककार आहे, आणि त्याचे नाव फार कमी लोकांना माहीत आहे याची मला मनापासून खंत वाटते. हॉलने १८१९पासून हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात आपली रायफल बनवायला घेतली. मापातली चूक साठत जाते हे त्याने ओळखले होते. समजा, एका पट्टीत दहा भोके पाडायची आहेत. प्रत्येक भोक आधीच्या भोकापासून मोजले आणि दर वेळी ०.१ मिलिमीटर चुकले, तर दहावे भोक जवळजवळ १ मिलिमीटरने सरकू शकते. तीच सगळी भोके एकाच ठरावीक कडेपासून मोजली, तर प्रत्येकात चूक ०.१चीच राहते, पुढच्याला लागत नाही. हॉलने प्रत्येक भागावर असा एक आधारबिंदू ठरवला आणि त्या भागावरचे सगळे काम तिथूनच मोजायचा नियम केला. आजच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगवर दिसणारे डेटम हे याच विचाराचे वारस.

दुसरी गोष्ट गेजची. गेज म्हणजे भाग लावून बघायचा ठरावीक मापाचा साचा. हॉलने एका रायफलीसाठी साठांहून अधिक गेज वापरले. गेज मापाचा आकडा सांगत नाही, भाग चालेल की नाही एवढेच सांगतो. त्यामुळे नव्या कामगारालाही उस्तादाइतकी अचूक तपासणी करता येते. १८३४ साली कनेटिकटमधल्या सिमियन नॉर्थने बनवलेल्या रायफलींचे भाग हार्पर्स फेरीच्या रायफलींना बसू लागले. दोन शहरांत बनलेले भाग एकमेकांत बसले, आणि ही माझ्या लेखी वाफेच्या इंजिनाच्या तोडीची घटना आहे.

याचा धागा आपल्यापर्यंतही येतो. १८५४मध्ये ब्रिटिश सरकारची समिती अमेरिकेत आली. स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारात तिने १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली प्रत्येकी एक मस्केट निवडली, सगळ्या खोलून भागांची सरमिसळ केली आणि एका कामगाराला जोडायला सांगितले. त्याने नुसत्या स्क्रूड्रायव्हरने दहाही जोडल्या. समितीने अमेरिकन यंत्रे विकत घेतली आणि ती लंडनजवळच्या एनफिल्डला बसवली. १८५७च्या उठावात जिच्या काडतुसांवरून ठिणगी पडली, ती एनफिल्ड रायफल त्या यंत्रांवर निघू लागली. एनफिल्डचीच पुढची पिढी म्हणजे .३०३ ली-एनफिल्ड. ती बंगालमध्ये इशापूरला बनत राहिली आणि ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून महाराष्ट्रातल्या पोलीस शिपायाच्या खांद्यावर एकविसाव्या शतकातही दिसत राहिली.

एवढे सगळे झाल्यावरही ली-एनफिल्डमध्ये एक जागा अशी उरली, की तिथे कोणताही भाग कुठेही चालत नाही. ती म्हणजे बोल्टचे तोंड आणि नळीचा मागचा काठ यांच्यामधली, काडतुसाच्या बुडाची कडा बसते ती जागा.

काडतूस फुटते तेव्हा आतला दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्या आसपास जातो. पितळी पुंगळी फुगते आणि तिची पातळ भिंत पोलादी कोठीला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेला, घट्ट चिकटते. वायू मागे येऊ न देणारी सीलबंदी हीच. पण पुंगळीचे बूड जाड असते, ते फुगत नाही, मागे ढकलले जाते आणि बोल्टवर आदळून थांबते. बोल्ट जागेवर असेल तर काही बिघडत नाही. तो जरा मागे असेल, तर पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला धरून राहतो, बूड मागे सरकते आणि मधले पितळ ताणले जाते. ताण मर्यादेबाहेर गेला की पुंगळी बुडाच्या जरा वर फाटते आणि तापलेला वायू शिपायाच्या चेहऱ्याच्या दिशेने सुटतो.

ली-एनफिल्डच्या ‘नंबर ४’ या नमुन्यात या जागेची ठरलेली मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच. म्हणजे वाव फक्त १० थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पाव मिलिमीटर. रिसीव्हर, बोल्ट, नळी प्रत्येकी आपापल्या टॉलरन्समध्ये (मापातल्या चालणाऱ्या फरकात) असले, तरी तिघांच्या चुका एकाच दिशेने जुळल्या तर हा वाव संपतो. यावर ब्रिटिशांनी काढलेला तोडगा मला फार प्रामाणिक वाटतो. त्यांनी बोल्टचे पुढचे डोके वेगळे केले आणि ते ०, १, २, ३ असे आकडे टाकून चार मापांत बनवले. प्रत्येक पुढचे डोके किंचित लांब. शस्त्रागारातला कारागीर गेज लावून बघायचा आणि जे डोके बरोबर बसेल ते लावायचा. बोल्टवर त्या रायफलीचा क्रमांकही ठोकलेला असे. म्हणून दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट पेटीतून निघाला, तर तो सहज सरकतो, बंद होतो, दिसायला निर्दोष असतो, आणि तरीही धोकादायक असू शकतो.

मापाला गेज लागतो, पण पोलादाच्या आतल्या घडणीला लागत नाही. कापलेला रिसीव्हर पुन्हा वेल्ड करून चालेल का, या प्रश्नाचे उत्तर इथे दडले आहे. रिसीव्हरला तापवून पाणी दिलेले असते. वर कठीण आणि आत चिवट असा तो घडवतात. गॅसकटर किंवा वेल्डिंगची उष्णता लागली की आसपासची ही घडण मोडते. डोळ्याला मात्र काहीच दिसत नाही.

याची मोठी किंमत खुद्द अमेरिकन सैन्याने मोजली. १९०३च्या स्प्रिंगफिल्ड रायफलीचे रिसीव्हर घडवणारे कारागीर तापलेल्या लोखंडाचा रंग बघून तापमान ठरवत. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही रिसीव्हर गोळी झाडताना फुटू लागले, तेव्हा पायरोमीटर हे तापमान मोजणारे उपकरण लावून तपासणी झाली. लख्ख ऊन असताना भट्टीतले लोखंड ढगाळ दिवसापेक्षा सुमारे १६५ अंश सेल्सिअसपर्यंत जास्त तापत होते. उजेड जास्त असला की तापलेले लोखंड डोळ्याला फिकट दिसते, म्हणून अनुभवी कारागीर ते आणखी तापवत राहायचा. अति तापलेले पोलाद ठिसूळ होते. १९१८मध्ये प्रक्रिया बदलली. स्प्रिंगफिल्डच्या कारखान्यात हा बदल साधारण ८,००,००० या क्रमांकापाशी आला. आधीच्या रायफली सरसकट मोडीत निघाल्या नाहीत, त्यामुळे अमेरिकेतला जाणता संग्राहक आजही ती रायफल हातात घेतली की आधी रिसीव्हरवरचा क्रमांक वाचतो, आणि तो ८ लाखांच्या खाली असेल तर तिच्यातून गोळी झाडत नाही.