भावंड नसलेल्या इंजिनाचे सुटे भाग

जतन केलेलं वाफेचं इंजिन पुन्हा रुळावर आणायचं म्हटलं की गाडं अडतं ते सुट्या भागांपाशी. बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला असतो आणि स्टोअरमधला माल भंगारात गेलेला असतो. त्यातल्या त्यात सोपी वाट म्हणजे त्याच वर्गातलं दुसरं इंजिन गाठायचं आणि त्याचे भाग काढून घ्यायचे. वेल्समधल्या बॅरी गावी डाय वुडहॅम यांच्या भंगार यार्डात ब्रिटिश रेल्वेची जवळपास ३०० इंजिनं येऊन पडली होती. वुडहॅम आधी मालडबे तोडत बसले, इंजिनं तशीच गंजत उभी राहिली आणि त्यातली २१३ हौशी मंडळींनी वाचवली.

त्यातल्याच ७१००० क्रमांकाच्या ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ची पंचाईत वेगळी होती. त्याला भावंडच नव्हतं. १९५२ साली हॅरो स्थानकातल्या भीषण अपघातात एक एक्स्प्रेस इंजिन मोडीत निघालं, त्याच्या जागी १९५४ मध्ये इंग्लंडमधल्या क्रू गावच्या कारखान्यात हे तीन सिलिंडरांचं इंजिन तयार झालं. या नमुन्याचं ते पहिलं आणि शेवटचं. कोळसा भरपूर खातं आणि त्या मानाने वाफ देत नाही, असा त्याचा लौकिक. १९६२ मध्ये ते सेवेतून बाद झालं. बाहेरचा एक सिलिंडर कापून, आतलं दिसावं म्हणून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवला गेला. उरलेला सांगाडा बॅरीला.

१९७४ मध्ये एका हौशी गटाने तो विकत घेतला, तेव्हा सिलिंडरबरोबर कॅप्रोटी व्हॉल्व्ह गिअरचे भागही गायब होते. व्हॉल्व्ह गिअर म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ आत-बाहेर सोडणारी यंत्रणा. नेहमीच्या इंजिनात ही ये-जा सरकत्या व्हॉल्व्हवर चालते. कॅप्रोटीत फिरत्या दांड्यावरचे कॅम, म्हणजे उंचवटे, छोटे व्हॉल्व्ह उचलतात, मोटरसायकलच्या इंजिनात उचलतात तसेच. वाफ आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची वेळ वेगवेगळी ठरवता येते, हा त्याचा मोठा फायदा. पण कॅमचा आकार जरा चुकला की सगळं टायमिंग बिघडतं, त्यामुळे हे काम अंदाजाने होण्यातलं नाही.

जुना भाग हाताशी असला तरी तो मोजून नवा करणं धोक्याचंच. झिजलेला भाग मोजला की झीजही नव्या भागात उतरते. म्हणून मूळ ड्रॉइंग लागतं. तेवढ्यावरही भागत नाही. ओतकामात धातू थंड होताना आकसतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मीटरला साधारण १ सेंटिमीटर, पोलाद त्याच्या जवळजवळ दुप्पट. तेवढा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवायचा नमुना, मोठा करावा लागतो, शिवाय लेथवर कातायला जादा माल ठेवावा लागतो. कोल्हापूरच्या फौंड्रीत काम केलेल्यांना हे सांगायची गरज नाही. अडचण येते ती एकाच नगासाठी लाकडी पॅटर्न करण्याच्या खर्चाची. हल्ली त्यावर थर्माकोलचा पॅटर्न चालतो: तो वाळूत तसाच ठेवायचा, वितळलेला धातू ओतला की थर्माकोल जळून जातं आणि त्याची जागा धातू घेतो.

साधा नटही छळतो. जुन्या ब्रिटिश इंजिनांवरच्या व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिक आट्यांचा ६०. जवळच्या मापाचा मेट्रिक नट एक-दोन फेरे आत जातो आणि अडकतो. तिथे पान्याने जोर लावला की दोन्हीकडचे आटे गेलेच म्हणून समजा.

‘ड्यूक’च्या बाबतीत मात्र या ड्रॉइंगनी एक जुनं कोडंही सोडवलं. दुरुस्ती करणाऱ्यांनी राखपेटीचे डँपर, म्हणजे शेगडीखाली हवा घेणारी झडपं, ड्रॉइंगशी ताडून पाहिली. ती ड्रॉइंगप्रमाणे बनलेलीच नव्हती. हवेची वाट ठरल्यापेक्षा लहान होती. धुराडंही त्या आकाराच्या इंजिनाच्या मानाने लहान निघालं. वाफेच्या इंजिनात या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते, धुराड्याखालच्या धूरपेटीत हवेचा दाब उतरतो आणि त्या ओढीने शेगडीखालून ताजी हवा निखाऱ्यांवर येते. इंजिन जितकं जोरात ओढेल तितका विस्तव फुलायला हवा. इथे हवा शिरायची वाट अरुंद आणि ओढही अपुरी, म्हणजे चढावर नेमकी वाफ हवी तेव्हाच विस्तव मंद. दोष मूळ रचनेपेक्षा बांधणीत जास्त होता आणि खापर फुटलं ते अख्ख्या इंजिनावर.

झडपं ड्रॉइंगप्रमाणे केली गेली आणि १९८६ मध्ये ‘ड्यूक’ पुन्हा वाफेवर आलं. पुढे त्याला किलचॅप पद्धतीचं एक्झॉस्टही बसवलं. फिनलंडचे किलाला आणि फ्रान्सचे शापलाँ यांच्या नावांवरून ओळखली जाणारी ही रचना सुटणाऱ्या वाफेकडून जास्त ओढ मिळवते. आठ वर्षांत बाद ठरवलेलं हे इंजिन मग ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर सर्वांत दमदार वाफेच्या इंजिनांमध्ये गणलं जाऊ लागलं.