सांजाव: आगीचा सण विहिरीत कसा उतरला

24 जूनला गोव्यातल्या बार्देश-सासष्टी तालुक्यांच्या वाड्यांवर 'व्हिवा सांजाव'चा गजर होतो आणि डोक्यावर पानाफुलांचे कोपेल, म्हणजे मुकुट, चढवलेली मंडळी धडाधड विहिरीत उड्या टाकतात. बाहेरून आलेल्याला हा निव्वळ पावसाळी दंगा वाटतो. प्रत्यक्षात हा संत योहान बाप्तिस्ता याचा जन्मदिन आहे; 'सांजाव' हे त्याच्याच पोर्तुगीज नावाचे कोकणी रूप. संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या तिथीला असतो. चर्चच्या पंचांगात जन्म साजरा होतो तो तिघांचाच: येशू, मरिया आणि हा योहान. त्याच्या शिरच्छेदाचे स्मरण वेगळे, 29 ऑगस्टला.

तारीख आली लूकच्या शुभवर्तमानातून. देवदूत मरियेला सांगतो, की तुझी नातलग अलिशिबा (योहानाची आई) हिला सहावा महिना चालू आहे. म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. मग 25 जून का नाही? कारण रोमन लोक महिन्याच्या उत्तरार्धातल्या तारखा पुढच्या महिन्याच्या पहिलीपासून मागे मोजत. 25 डिसेंबर हा जानेवारीच्या पहिलीपूर्वीचा आठवा दिवस (दोन्ही टोके धरून), तसा जुलैपूर्वीचा आठवा दिवस 24 जून, कारण जून तीसच दिवसांचा. या सुमारास दिवस लहान होऊ लागतो आणि नाताळानंतर मोठा. 'त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा' हे योहानाचे वाक्य संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या प्रवचनांत या सूर्यगतीशी जोडले.

युरोपात हा दिवस ऐन उन्हाळ्यातला, म्हणून तिथे रात्री होळ्या पेटतात. पोर्तुगालमध्ये जून म्हणजे तीन लोकप्रिय संतांचा महिना: 13 तारखेला अंतोन, 24 ला योहान, 29 ला पेद्रू (पीटर). तिथल्या पोर्तू शहरात आजही या रात्री सार्डिन भाजतात आणि आगीवरून उड्या मारतात. 1510 नंतर पोर्तुगीज सत्तेबरोबर हे तिन्ही सण गोव्यात आले. 1543 मध्ये बार्देश आणि सासष्टी त्यांच्या ताब्यात गेल्यावर खेड्यांत रुजले. पण गोव्यात 24 जून म्हणजे भर पाऊस. ओल्या लाकडांची होळी कोण पेटवणार? उलट विहिरी तोंडापर्यंत येऊ लागलेल्या. मरियेचा आवाज ऐकताच बाळ योहानाने आईच्या उदरात उडी मारली, ही लूकमधलीच गोष्ट. शिवाय लोकांना बाप्तिस्मा देण्याचे त्याचे सारे काम यार्देन नदीच्या पाण्यात. त्यामुळे आगीवरची उडी पाण्यात गेली, तरी अर्थ सुटला नाही. आग मात्र पूर्ण विझलेली नाही. आदल्या रात्री काही गावांत जुने कपडे, गवत आणि फटाके भरून केलेला 'झुदेव' नावाचा पुतळा जाळतात. शब्द पोर्तुगीजांच्या 'ज्यू' या अर्थाच्या शब्दावरून आलेला, म्हणजे त्यामागचा जुना द्वेष काही गोड नाही. जाळणाऱ्या पोरांना त्याचा पत्ता नसतो, एवढेच.

सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते; मग घुमट, म्हादळें आणि कांसाळें ही वाद्ये घेऊन मंडळी घरोघर फिरते. नारळाच्या झावळीचे देठ, म्हणजे पिड्डे, जमिनीवर आपटून ताल धरतात. वाड्यावरच्या क्रुसापाशी लदीन, म्हणजे गाऊन म्हटलेली प्रार्थना, झाली, की उकडलेले चणे आणि फेणीचा घोट वाटतात. विहिरीत नारळ किंवा बाटली टाकतात, ती बुडी मारून काढायची. इथेच घात होतो. पावसाने गढूळलेल्या पाण्यात तळ दिसत नाही, कठडा शेवाळलेला असतो, आणि पहिल्याचे डोके वर यायच्या आत दुसरा उडी टाकतो. म्हणून आधी दोर सोडून खोली पाहायची, पाय खाली ठेवूनच उडी घ्यायची, एका वेळी एकानेच, आणि फेणी उड्या संपल्यावर.

लग्नानंतरचा पहिला सांजाव जावयाचा. सासरवाडी त्याला फळांची डाली देते: अननस, फणस, केळी, हंगामातले शेवटचे आंबे. तिला 'वोजें'ही म्हणतात, म्हणजे आपले ओझेच. अधिक महिन्यात जावयाला वाण देणाऱ्या घाटावरच्या माणसाला यात काही परके वाटू नये.

खाण्यात सान्नां (तांदळाच्या इडलीसारख्या) आणि सोरपोतेल (डुकराच्या मांसाचे तिखट कालवण) असतेच, पण सणाची खरी ओळख पातोळ्यो, म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेले गोड पदार्थ. वीसेक पानांसाठी दोन वाट्या तांदूळ चार-पाच तास भिजवून अगदी कमी पाण्यात, मीठ घालून वाटायचे. पीठ पानावर पसरले की जागचे हलता कामा नये. पातळ झाले तर सारण बाहेर येते, फार घट्ट झाले तर पातोळी चिवट होते. सारणाला एका मोठ्या नारळाचा चव, पाव किलो गूळ आणि वेलची. गूळ विरघळून पाणी आटेपर्यंत परतायचा, नाहीतर वाफेत पाक सुटून पान चिकट होते. हळदीच्या पानावर पिठाचा पातळ थर द्यायचा, अर्ध्या भागावर सारण ठेवायचे, पान शिरेवर दुमडायचे आणि पंधरा मिनिटे वाफवायचे. गरम असताना पान सोलू नये, पीठ फाटते. कोमट झाले की ते आपोआप सुटते आणि शिरांची नक्षी पातोळीवर उमटलेली राहते. अडचण एकच: जूनच्या अखेरीस हळद नुकती फुटलेली असते आणि पाने जेमतेम वीतभर. म्हणून सांजावाच्या पातोळ्यो लहान. भल्या मोठ्या पानांच्या खायच्या, तर 15 ऑगस्टच्या मरियेच्या सणापर्यंत थांबावे लागते.

बार्देशातल्या शिवोली गावाचा थाट वेगळा. तिथे शापोरा, हणजूण, आसगाव, बादें इथली मंडळी सजवलेल्या होड्यांतून नदीमार्गे येते आणि सांजावाच्या कपेलापाशी, म्हणजे छोट्या चर्चपाशी, जमते. दोन होड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या की झाला सांगड. पाच दिवसांनी, संत पेद्रूच्या सणाला, तोच सांगड घेऊन मासेमारी करणाऱ्या वाड्यांवरचे लोक पुन्हा पाण्यात उतरतात.