भंगारातून उठलेली बॉम्बर

बंगळूरच्या विमान कारखान्याची कल्पना निघाली ती विमानातच. ऑक्टोबर १९३९ मध्ये पॅसिफिकवरून उडताना सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी माणसाशी पडली. तो चीनसाठी विमाने बांधत होता. पुढे म्हैसूर संस्थान भागीदार झाले आणि २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली.

ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकेहून आलेले भाग जोडून केलेले हार्लो हे सरावाचे विमान उडाले. आपल्या कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला हवेच्या प्रवाहाचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी दहा जणांचे ग्लायडरही (बिनइंजिनाचे विमान) आखले. ते एकच बनले. जपान युद्धात उतरला, १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेला. आता काम एकच, दुरुस्ती.

दुरुस्तीला कमी लेखू नये. त्या काळच्या विमानाचा पत्रा ड्युरलचा, म्हणजे ॲल्युमिनियमात साधारण ४ टक्के तांबे. गोळीने फाटलेला भाग कापताना कोपरे गोल ठेवायचे, कारण चीर टोकदार कोपऱ्यातून सुरू होते. मग ठिगळ रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या खिळीने, जडवायचे. गंमत रिव्हेटचीच आहे, कारण तोही ड्युरलचाच. तापवून पाण्यात बुडवलेले पोलाद कडक होते, ड्युरल मात्र मऊ राहते आणि नंतर नुसते पडल्या पडल्या कडक होत जाते. आत विखुरलेले तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येतात, म्हणून. थंडीत हे अणू सुस्तावतात. त्यामुळे विमान कारखान्यांत तापवून बुडवलेले मऊ रिव्हेट चक्क बर्फात ठेवत! पेटीतून काढला की लगेच ठोकायचा: बाहेरून एकाच्या हाती हवेचा हातोडा, आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरलेला. रेंगाळलात तर रिव्हेटला तडे.

हा हात बसला तो युद्ध संपल्यावर कामी आला. परत जाताना इंग्रजांनी कानपूरला लिबरेटर नावाच्या अमेरिकी बॉम्बर मोडतोड करून टाकून दिल्या होत्या. कारखान्याच्या लोकांनी त्या जेमतेम उडण्याजोग्या केल्या, बंगळूरला आणल्या आणि तिथे नीट दुरुस्त केल्या. भारतीय हवाई दलात त्या १९६८ पर्यंत होत्या. त्यांतली एक १९७४ मध्ये उडत इंग्लंडला गेली. ती आता तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.