मुंबई दर्शन

मुंबईतील प्रसिद्ध वास्तू, उद्याने व देवस्थाने एका दिवसात बसने दाखवणारी सहल. खासगी बसचालक, शाळा आणि गावोगावची मंडळे ती वर्षानुवर्षे काढत आली आहेत. मार्ग ठरलेला नसतो. गर्दी, पार्किंग आणि सुट्टीचे वार पाहून तो आखला जातो. राणीची बाग, उदाहरणार्थ, बुधवारी बंद असते. सारे एका दिवसात बसवायचे असल्यामुळे पुष्कळशी मुंबई खिडकीतूनच बघावी लागते. मरीन ड्राइव्ह, हाजी अली, २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि नटनट्यांचे बंगले, सारे गाइडच्या माइकवरच्या मराठी-हिंदी धेडगुजरी निवेदनाबरोबर मागे पडत जाते.

सुरुवात बहुधा गेटवे ऑफ इंडियापासून होते. राजा पाचवा जॉर्ज १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरला, त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेट याच्या आराखड्यानुसार ही बेसॉल्टची कमान उभारली गेली. ती १९२४ मध्ये खुली झाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून परतली. घारापुरीच्या लाँचही इथूनच सुटतात, पण लेण्यांना जायचे तर निम्मा दिवस जातो, म्हणून बहुतेक सहली त्या वाटेला जात नाहीत.

प्रवासी खरे पाय मोकळे करतात ते मलबार हिलवर. हँगिंग गार्डन म्हणजेच फिरोजशहा मेहता उद्यान १८८०च्या दशकारंभी दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर तयार झाले. प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे ही त्याची ओळख. हिरवळीखाली पाण्याची टाकी आहे हे मात्र फिरणाऱ्यांच्या गावीही नसते. जलाशय नव्याने बांधण्याच्या योजनेत झाडे जाणार म्हणून रहिवाशांनी तिला विरोध केला, तेव्हा ही टाकी बातम्यांत आली. रस्त्यापलीकडच्या कमला नेहरू उद्यानात मुलांची धाव थेट म्हातारीच्या बुटाकडे, म्हणजे बुटाच्या आकाराच्या घराकडे, असते. त्याच बागेच्या कठड्यावरून गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा बाक एका नजरेत दिसतो. एकच फोटो काढायचा असेल तर तो इथे काढावा.

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये खुली झाली. आता झुंबड पेंग्विनपाशी उडते आणि जुने वृक्ष दुर्लक्षित राहतात. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा, ज्यावरून बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव पडले तोच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडण्यात आले. काळा घोडा चौकाला ज्याच्यामुळे नाव मिळाले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ पासून याच परिसरात आहे.

दिवस संपतो तो बहुधा जुहू किंवा गिरगाव चौपाटीवर, भेळेच्या गाडीपाशी.